यात ते नाही ना?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर रुजू झाले. येताना दोन वह्या आणल्या. एक स्वयंपाकघरातली, रोज मेट्रनबाईंची सही घ्यायची. दुसरी ही. तिच्यात काय शिजलं ते लिहायचं, हिच्यात काय करपलं ते.

बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची खानावळ सांभाळली. त्यामुळे या निवासातल्या एक्केचाळीस म्हाताऱ्या माणसांचं जेवण म्हणजे डाव्या हातचा खेळ, असं मनात होतं. सकाळी भिंतीवरची कार्डं वाचली आणि तोंडचं पाणी पळालं. माणशी एक कार्ड. अकरा जणांना साखर बंद. चौघांना मीठ मोजून. दोघांच्या किडन्या अधू, त्यांना केळं आणि टोमॅटो नाही. सहा जणांना नीट गिळता येत नाही. त्यांचं सगळं वाटून, गाळून द्यायचं. साधं पाणीसुद्धा पावडर घालून दाट करायचं, नाहीतर ते श्वासनळीत उतरतं. निवृत्त मास्तरांना अंडं चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. मागे केकच्या एका तुकड्यावरून त्यांचा गळा सुजला होता. त्यांची सुरी, पाट, पातेली वेगळी, त्यांवर लाल पट्टी. त्यांचं इंजेक्शन कपाटात, वरच्या खणात.

आणि एक कार्ड असं, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दूध, अंडं, शेंगदाणे, तीळ, मासे, मोहरी. सहाही ओळी लाल शाईत.

मावशींना विचारलं, "ही बाई जगते तरी कशावर?" मावशी म्हणजे ताटं वाढणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या. इथे सतरा वर्षं आहेत.

"नकोवर," मावशी म्हणाल्या. "आम्ही त्यांना नको-आजीच म्हणतो."

६ फेब्रुवारी

नको-आजींना आज जवळून पाहिलं. वय एक्क्याऐंशी. वजन अडतीस किलो, मागच्या वर्षी सेहेचाळीस होतं. खिडकीजवळच्या टेबलावर एकट्या बसतात. केस एकसारखे मागे घेतलेले, साडीची एक चुणी इकडची तिकडे नाही. स्वभावाला तिखट असतील म्हणून मी कंबर कसून गेले होते. तर तसं काहीच नाही. मी बटाट्याचं सूप ठेवलं. त्यांनी वाटी जवळ ओढली, वास घेतला, चमचा वाटीवर धरला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "यात ते नाही ना?"

आता हे लिहायला चमत्कारिक वाटतं, पण तो आवाज म्हातारीचा नव्हता. घराच्या दारातून हाक मारणाऱ्या एखाद्या पोरीचा असावा तसा.

"ते म्हणजे काय आजी?"

"ते. सगळंच."

"नाही हो. बटाटा, पाणी, मीठ."

मग त्यांनी अर्धी वाटी खाल्ली. अर्धी सरकवून दिली.

मावशी म्हणतात, वर्षानुवर्षं प्रत्येक घासाला हाच प्रश्न. नाश्त्याला, जेवणाला, चहाला. "तुम्हाला सवय होईल," म्हणाल्या. स्वतःला झाली का, ते काही बोलल्या नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी करते, चार मिनिटांच्या वर बोलत नाही. नवीन जागेचं विचारलं. मग नेहमीचं, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना? खरं सांग." बरी आहे म्हटलं. पुन्हा, "खरं?" एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारते. काळजी करते बिचारी. तिचे बाबा गेल्यापासून जास्तच. तेव्हा तिची परीक्षा होती, म्हणून त्यांच्या आजाराचं मी तिला अकरा दिवस कळू दिलं नव्हतं. पहिल्या वर्गात पास झाली. आईला असे निर्णय घ्यावेच लागतात.

रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्यात, ते सांगितलं नाही. तिच्या डोक्याला कशाला ताप.

१४ फेब्रुवारी

आज मी चोर पकडला.

दुपारच्या चहाला (बिनदुधाच्या) नको-आजी दोन बिस्किटं खातात. साधी, गोल, पिवळ्या पुड्यातली. आधीच्या स्वयंपाकीणबाईंनी ती 'चालतात' म्हणून लिहून ठेवली आहेत. आज नवीन खोका फोडताना सहज पुड्याची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरात शेवटून तिसरा शब्द, दूध पावडर. मी तशीच धावत मावशींकडे गेले. मावशी म्हणाल्या, गेलं दीड वर्ष हीच बिस्किटं येतायत. म्हणजे दीड वर्ष, रोज दोन. अंगावर कधी पुरळ नाही, खाज नाही, की साधी शिंक नाही.

मास्तरांच्या अंड्याची गोष्ट डोळ्यांसमोर आली. मास्तर अर्ध्या घासाने आडवे झाले होते. आणि या बाई हजार बिस्किटं पचवून ताठ बसल्या आहेत.

मला राग आला, खोटं का लिहू? सहा पदार्थ वगळून त्यांचं जेवण रांधायला मला रोज तासभर जादा लागतो. आणि हे सगळं नुसतं डोक्यातलं?

डॉक्टर मंगळवारी येतात. तोवर थांबणार नाही, आजच फोन करून त्यांच्या कानावर घालते.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आजींचं रक्त गेल्याच आठवड्यात अशक्तपणासाठी काढलं होतं. त्यातूनच प्रयोगशाळेकडून सहाही पदार्थांची तपासणी करून घेतली. अहवाल आला. काहीही नाही. शून्य.

मेट्रनबाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. डॉक्टर म्हणाले, "वजन असंच उतरत राहिलं, तर पावसाळ्यापर्यंत त्या अंथरुणाला खिळतील. त्यांना दूध, अंडं, दाणे यांतूनच ताकद मिळेल. पण सांगून त्या खाणार नाहीत."

मेट्रनबाईंनी आजींच्या भाच्याला फोन लावला. भावाचा मुलगा, एवढंच नातं उरलंय. तो फोनवरच हसला. "आत्याचं हे आयुष्यभराचं नाटक आहे. खुशाल घाला. कुठे सही करू सांगा."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "वसतिगृहात भोपळ्याचं नाव काढलं की तोंड फिरवणाऱ्या दोनशे मुलींना मी दर आठवड्याला भोपळा खाऊ घातलाय. एकीलाही पत्ता लागला नाही."

मेट्रनबाई हसल्या. डॉक्टर म्हणाले, आधी चिमूटभर, मग हळूहळू. प्रत्येक जेवणानंतर नर्स नजर ठेवील.

आजींना विचारून बघावं, असं तिघांपैकी कोणीच म्हणालं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पण विचारून त्या 'नको'च म्हणाल्या असत्या.

१९ फेब्रुवारी

अर्धा चमचा दूध पावडर, बटाट्याच्या सुपात. दोनदा गाळलं. वाटी मी स्वतः नेली.

"यात ते नाही ना?"

"नाही," म्हटलं.

खाल्लं. तासाभराने नर्स बघून आली. उशीला टेकून पेपर वाचत होत्या.

२५ फेब्रुवारी

दूध पावडर दीड चमचा झाली. कालपासून भाजलेल्या दाण्यांची अगदी मऊ पेस्ट, पाव चमचा, डाळीच्या सुपात. मसाल्यात दडून जाते. डबा कुलपात ठेवते.

मावशींना म्हटलं, आजपासून आजींची वाटी तुम्ही नेत जा. मावशींनी हात पुसले. "नेईन की. पण त्या विचारतील, यात ते नाही ना. मी काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा."

"ताई, घातलंय तुम्ही. सांगायचंही तुम्हीच." आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

अडाणी बाई, असं तेव्हा मनात आलं. वाटी मीच नेली.

३ मार्च

वजन एकोणचाळीस किलो सातशे ग्रॅम. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

आज अंडंही सुरू केलं, मऊ भातात फेटून. मास्तरांचं आधी उरकून घेतलं, ओटा दोनदा धुतला, मगच फोडलं. आजींनी पहिला घास घेतला आणि चक्क हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "छान झालंय," म्हणाल्या. "अजून दे."

इतकं बरं वाटलं! बावीस वर्षांत कोणा पोरीने मला असं म्हटलं नव्हतं.

११ मार्च

रक्तदाब पुन्हा वर. झोप नीट नाही.

खरं म्हणजे काय होतंय, ते इथे तरी लिहावं. कोणताही पदार्थ केला, की चव बघायला चमचा उचलताना कानात येतं, यात ते नाही ना. काल घरी स्वतःपुरता भात कुकरमधून काढत होते, तेव्हाही आलं. आजूबाजूला कोणी नाही. आवाज तोच, पोरीचा. मी मोठ्याने "नाही" म्हणाले आणि माझ्याच आवाजाने दचकले.

दिवसभर तेच ते ऐकून कान भरलेत, दुसरं काय.

१६ मार्च, रविवार

लेकीला सगळं सांगितलं. वाटलं कौतुक करेल. ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्यांना कधी सांगणार आहात?"

म्हटलं, "सांगायचं कशाला? वजन वाढतंय ना?"

"बरं," म्हणाली. "तुझी तब्येत बरी आहे ना आई? खरं सांग."

२० मार्च

आजचं आजच लिहिणार.

साडेबाराला भाचा आला. नात्यातला माणूस भेटायला आल्यामुळे आजी खुशीत होत्या. मी वाटी घेऊन गेले, तेव्हा तो म्हणत होता, "आत्या, गालावर मांस आलं की!"

"ही सूप चांगलं करते," आजी म्हणाल्या आणि माझ्या मनगटाला हात लावला.

"चांगलं म्हणजे काय! दूध काय, दाणे काय, अंडी काय!" तो हसतच होता. "महिनाभर ओरपतेयस आत्या. झालं का काही? उगाच जन्मभर सगळ्यांना नाचवलंस."

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते. त्याचं लक्षच नव्हतं.

आजींनी चमचा खाली ठेवला. आवाज न करता. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"किती दिवस?"

"तीस," म्हटलं.

त्यांनी साडीचा पदर बाजूला केला, एका हाताने दुसऱ्या हाताची बाही वर सारली आणि दंडापासून मनगटापर्यंत त्वचा न्याहाळली. मग दुसरा हात. उजेडात धरून, उलटसुलट करून. हरवलेली वस्तू शोधावी तसं.

"मला काहीच झालं नाही?"

आणि मी मूर्ख! मला वाटलं त्यांना हायसं वाटतंय. "काही नाही आजी! ठणठणीत आहात!"

कोणीतरी गेल्याची बातमी ऐकल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला. भाचा घड्याळाकडे बघायला लागला. आजी उठल्या, भिंतीचा आधार घेत खोलीत गेल्या. सुपावर साय धरली, तरी वाटी उचलायला माझा हात जाईना. शेवटी मावशींनी उचलली.

२३ मार्च

तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरातलं काहीही त्यांनी तोंडात घेतलेलं नाही. ताट जातं तसं परत येतं. केळं तेवढं खातात, कारण त्याचं साल स्वतः काढता येतं. नळाचं पाणी पितात, स्वतः भरून.

सगळ्यात वाईट म्हणजे आता त्या विचारत नाहीत. मी वाटी ठेवते, उभी राहते. त्या खिडकीबाहेर बघतात. इतके दिवस तो प्रश्न नकोसा झाला होता. आता कोणीतरी तो विचारावा म्हणून मी उभी असते.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस रुसतील, मग भूक बोलेल.

मला नाही वाटत.

२६ मार्च

आज दुपारी त्यांच्या खोलीत गेले. रिकाम्या हाताने. ताट घेऊन जायची हिंमत नव्हती. पलंग, खुर्ची, कपाट. भिंतीवर कोणाचाही फोटो नाही. दारातच म्हटलं, "आजी, माझं चुकलं. तुम्ही विचारत होतात आणि मी तीस दिवस तोंडावर खोटं बोलले."

"बस," त्या म्हणाल्या.

बसले. बराच वेळ त्या हातरुमालाची घडी करत होत्या, मोडत होत्या. मग बोलायला लागल्या. मला सांगत होत्या असं वाटलं नाही. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं उतरवते. माझ्या शब्दांत लिहायला गेले तर बिघडेल.

"मी नऊ वर्षांची होते. बारकी पाच वर्षांची. माझी धाकटी बहीण. तिला दूध चालायचं नाही. अंडं नाही, दाणे नाहीत, तीळ, मासे, मोहरी, काही नाही. अंगावर गांधी उठायच्या, डोळे सुजायचे. तेव्हा याला नाव नव्हतं. लोक म्हणायचे, पोर नाजूक आहे. आईने तिच्यासाठी वेगळी चूल मांडली. वेगळं पातेलं, वेगळी वाटी. तिच्याजवळ बसून तिला भरवायची. मला म्हणायची, तू मोठी आहेस, तुझं तू घे.

"मला वाटायचं, ढोंगी आहे. आई मिळावी म्हणून करते. एकदा हिला न कळता खायला घालायचं आणि काही झालं नाही की सगळ्यांना सांगायचं, असं मी ठरवलं.

"आई पाणी आणायला गेली होती. मी दाणे कुटले. अगदी पीठ केलं. बारकीच्या पातेल्यातल्या भातात मिसळले, वर साखर घातली. ती बसली मांडी घालून. हातात घास घेतला आणि मला विचारलं, ताई, यात ते नाही ना?

"मी म्हणाले, नाही.

"तिने खाल्लं. छान झालंय म्हणाली. अजून मागितलं. मी दिलं."

खिडकीचा पडदा वाऱ्याने आत येत होता. मला उठून खिडकी लावायची होती.

"आई आली, तेव्हा ती होती अजून," आजी म्हणाल्या. "आईला ओळखलं तिने."

मग थोड्या वेळाने, "आईला वाटलं, तिच्याच हातून भांड्यांची अदलाबदल झाली. आमचा खरकटा चमचा तिच्या भातात गेला. आई सगळ्यांना तेच सांगायची. मरेपर्यंत तेच सांगत राहिली. मी तोंड उघडलं नाही."

"तुम्ही नऊ वर्षांच्या होतात आजी."

"आई गेली तेव्हा मी चाळीस वर्षांची होते."

त्यांनी रुमालाची घडी पुन्हा मोडली.

"बारकी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने मला दूध दिलं. मी म्हटलं, मलाही चालत नाही. आई पांढरीफटक पडली. लगेच माझ्यासाठी वेगळी चूल मांडली. मला हवी होती ना ती चूल? मिळाली. मग आयुष्यभर तेच. मला वाटायचं, तिचं दुखणं मी माझ्या अंगात घेऊन ठेवलंय. कुठेतरी आत आहे. चुकून एक दिवस पोटात जाईल, मलाही तसंच होईल आणि मग फिटेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यामुळे कळलं, ते आत नव्हतंच कधी. बहात्तर वर्षं मी रिकामी वाटी सांभाळत होते."

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या.

"आजी, मी तुमच्या भल्यासाठी…"

"ठाऊक आहे. मी जळून केलं, तू मायेने केलंस. खाणाऱ्याला ते चवीवरून कळत नाही."

उठताना विचारलं, "तुम्ही आता काय खाल?"

त्यांनी रुमाल घडी करून उशाशी ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्यासमोर कर."

२८ मार्च

मेट्रनबाईंकडे गेले. स्वयंपाकघरातल्या वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत निवासी व्यक्तीला न सांगता वर्ज्य पदार्थ दिले, विचारल्यावर खोटं सांगितलं. खाली सही. मेट्रनबाईंनी वाचलं, वही मिटली. "हे लिहायची गरज होती का?" मी म्हटलं, होती. त्या थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या, मग त्यांनीही सही केली.

डॉक्टर कार्डावरून अडले. "ॲलर्जी नाही, हे सिद्ध झालंय. जे नाही ते कार्डावर ठेवलं, तर उद्या मास्तरांचं कार्डही कोणी मनावर घेणार नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी नवीन कार्ड लिहिलं. ॲलर्जी : नाही. देऊ नये : दूध, अंडं, शेंगदाणे, तीळ, मासे, मोहरी. कारण : त्या नको म्हणतात.

"हे काय कारण झालं?" डॉक्टर.

"एवढंच आहे," मी म्हटलं.

बारकीचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. ते सांगायचं असेल तर आजी सांगतील.

३० मार्च, रविवार

लेकीला मात्र सांगितलं. म्हटलं, ती दूर आहे, कोणाला सांगणार. बहीण, भात, आई, सगळं. पलीकडे इतकी शांतता, की फोन कट झाला असं वाटलं.

"आहेस ना गं?"

"आहे." मग म्हणाली, "आई, त्यांनी तुला माफ केलं?"

"माहीत नाही. विचारलं नाही."

"मी असते तर…" म्हणाली आणि थांबली. "बरं. गोळ्या घेतेस ना?"

"घेते," म्हटलं. का कोण जाणे, पुढे सांगून टाकलं, "वाढवल्यात. जानेवारीपासून."

ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस." तिचा आवाज बसल्यासारखा वाटत होता. तिकडची हवा बदलली असेल. आज मात्र पंधरा मिनिटं बोलली.

१२ एप्रिल

बरेच दिवसांनी लिहितेय. कामच तसं होतं.

आजी रोज साडेदहाला स्वयंपाकघरात येतात. खिडकीखाली त्यांच्यासाठी स्टूल ठेवलंय. मी त्यांच्यासमोर पातेलं घासते, उलटं करून दाखवते. बटाटा, तांदूळ, डाळ, तेल, जे घालायचं ते आधी त्यांच्या हातात देते. तेल चौपट, डाळ दुप्पट, दुपारी केळं आणि खजूर. वजन मधे सदतीसवर गेलं होतं, काल साडेअडतीस भरलं. दूध-अंड्याने झालं असतं त्याच्या निम्म्यानेही होत नाहीये, आणि डॉक्टर मान हलवतात. पावसाळ्याचं ते बोललेत ते खरं ठरू शकतं. हे आजींना मी स्पष्ट सांगितलं. "ऐकलं," म्हणाल्या.

आता त्या अधूनमधून बारकीबद्दल बोलतात. शेवटच्या दिवसाचं नाही. चालताना ती एका पायाने उगाचच लंगडायची. मुंग्यांना नावं द्यायची. रागावली की आईच्या पदराला गाठ मारून ठेवायची. मावशी भांडी घासता घासता ऐकतात, कशाला काही विचारत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला आठवडाभर समजत नव्हती. आजी पहिला चमचा घेतात, गिळतात आणि चमचा खाली ठेवतात. मग हात मांडीवर घेऊन नुसत्या बसतात. वाटीतली वाफ जाते, कडेचं सूप सुकायला लागतं, तरी दुसरा चमचा नाही. मला वाटलं, अजून विश्वास बसत नसेल. साहजिक आहे. आज शेवटी विचारलं.

"आजी, सगळं तुमच्यासमोर केलं ना? मग थांबता कशाला?"

"दहा मिनिटं लागली होती," त्या म्हणाल्या.

मी हातातला झारा ठेवला. मावशींनी नळ बंद केला.

जेवणाची ताटं जायची वेळ होती, मेट्रनबाईंची घंटा केव्हाही झाली असती. मी दुसरं स्टूल ओढलं आणि आजींच्या शेजारी बसले. वरच्या मजल्यावरून चाकाच्या खुर्चीचा आवाज इकडून तिकडे गेला. मास्तर जेवणघरात कोणाला तरी शुद्धलेखन समजावत होते. आजींची नजर समोरच्या फरशीवर, जमिनीलगत, जिथे एखादं लहान मूल मांडी घालून बसलं तर त्याचं डोकं येईल, तिथे. मीही तिकडेच बघत होते. तिथे काही नव्हतं. तरी मी नजर काढली नाही. आपण हलकासा श्वास घेतला तरी कोणाला तरी त्रास होईल, असं वाटत होतं.

मिनिटं मी मोजली नाहीत. त्यांना मोजावी लागत नाहीत. एका क्षणी त्यांचे खांदे खाली आले, त्यांनी चमचा उचलला, थंड सुपात बुडवला आणि दुसरा घास घेतला. तो गिळून झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

"हात काढ गं स्वतःच्या गळ्यावरून," म्हणाल्या. "सूप माझं आहे."